आतून लाल असाल तर तर्री जपून मागा

तर राजेहो, नागपुरात राहता आणि आतून जरासे लाल आहात, पण कोणाला कळू द्यायचं नाहीये? मग पहिली गोष्ट, कोणी कम्युनिस्ट म्हटलं की "मी नाही बा" असं पटकन बोलू नका. नाही म्हणणारा छुपा असतो, गप्प बसणारा पक्का असतो आणि हसणारा तर डायरेक्ट अर्बन नक्षल. सुटका एकच, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्यालाच कम्युनिस्ट म्हणून मोकळं व्हायचं. पुरावा लागत नाही. अमेरिकेत 1950 मध्ये मॅकार्थी नावाच्या सिनेटरनं सरकारी खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आहे म्हणून भाषण ठोकलं, आकडा आधी 205 होता मग 57 झाला, तरी गड्याची चार वर्षं मस्त निघाली. तिकडे सिनसिनाटी रेड्स नावाच्या बेसबॉल टीमनं तर बदनामी नको म्हणून नाव बदलून रेडलेग्ज करून घेतलं. आपण पोह्यावर रोज जी तर्री, म्हणजे तिखट रस्सा, ओतून घेतो तिचा रंग बघा एकदा. कोणी विचारलंच तर भगवीच आहे म्हणा, उजेड कमी आहे म्हणून लाल दिसते.

इतिहास तर काढूच नका. संघ इथे 1925 च्या दसऱ्याला सुरू झाला आणि भाकपच्या, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या, हिशोबानं त्यांचा पक्षही त्याच वर्षी डिसेंबरात, कानपूरला, म्हणजे दोघं एकाच बॅचचे, पण हे संघाचं मुख्यालय असलेल्या महाल भागात मोठ्यानं सांगू नका. कामगार नेते ए. बी. बर्धन 1957 साली याच नागपुरातून आमदार झाले, नंतर भाकपचे सरचिटणीस, हेही नको. आणि लोकप्रतिनिधी कायद्यातलं कलम 29अ? अजिबात नको! 1989 पासून पक्ष रजिस्टर करायचा तर समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं, सगळ्यांनाच, हे ऐकून चहा पिता पिता ठसका लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

2025 च्या जुलैत महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयक पास झालं, त्यात कडवी डावी विचारसरणी असा शब्द आहे. आता कडवी म्हणजे मेथीइतकी की कारल्याइतकी हे चाखून बघायला जाऊ नका, गोडच बोला.

सगळ्यात मोठा धोका घरात असतो. लहानपणी वह्यांना रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घातली असतील तर त्या वह्या रद्दीत द्या, तेही अंधार पडल्यावर, कारण कव्हरवर ट्रॅक्टरवाली हसरी बाई असते आणि ती तुमच्याकडेच बघत असते.

जमत नसेल तर आमच्या सोसायटीतल्या काकांकडून शिका. परवा मीटिंगमध्ये मी फक्त एवढंच म्हटलं की वॉचमनला आठवड्यातून एक सुट्टी द्यावी, बारा तास उभा राहतो बिचारा. काका ताडकन उठले, "काऊन बे, कम्युनिस्ट झाला का तू?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, सेक्रेटरीनं तर पेन खाली ठेवला. आता हेच काका नोकरीत असताना युनियनचे पदाधिकारी होते, इन्किलाब म्हणताना गळ्याच्या शिरा दिसायच्या. 2023 च्या मार्चमध्ये संप झाला तेव्हा स्वतःची जुनी पेन्शन खिशात असून पोरासाठी "एकच मिशन, जुनी पेन्शन" करत उन्हात बसले होते. पण ते हक्काचं, अन् वॉचमनची सुट्टी म्हणजे रशिया. हा फरक ज्याला कळला त्याला नागपुरात कोणी हात लावू शकत नाही.

मीटिंगनंतर मला घेऊन ठेल्यावर गेले, राग नको म्हणून. मी एक प्लेट खाल्ली, काकांनी तीन, वरून दोनदा एक्स्ट्रा तर्री, वरून चहा. पैसे द्यायची वेळ आली तसा काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे पाय, हिशोब-बिशोब नाही करायचा. अर्धं अर्धं."