खोलीचं तापमान

एक फोटो अडीचशे रुपयांच्या घरात पडतो, हे मी घरात सांगितलं नव्हतं. पण फिल्मच्या खोक्यावर किंमत छापलेली असते, खोक्यात आठच फोटो असतात आणि आमची ही शाळेत गणित शिकवते. दह्याच्या भांड्यामागे दडवलेलं खोकं हाती लागलं तेव्हा तिने भागाकार तोंडी केला आणि फ्रिजचं दार उघडंच ठेवून विचारलं, "अहो, एवढ्यात आपल्या दोघांची शेवभाजी झाली असती की नाही?"

झाली असती. वर पापडही आला असता.

पोलरॉइड कॅमेरा भाच्याने दिला. तो पुण्यात असतो, त्यामुळे त्याला विचार सुचतात. "मामा, मोबाइलवर हजार फोटो काढता आणि परत एकही उघडून बघत नाही. यात एकच काढा. काढला की लगेच हातात." हे झालं दिवाळीत. डिसेंबर-जानेवारीत चाळीसगावची हवा अशी गोड असते, की कोणीही कसलंही व्यसन लावून घ्यावं. कॅमेऱ्यातून फोटो घरघरत बाहेर यायचा, दहा-पंधरा मिनिटांत त्यावर हळूहळू रंग चढायचे आणि मी स्वतःला कलावंत समजायचो. उन्हाळा येणार आहे, ही गोष्ट खानदेशात जन्म घालवूनही मी विसरलो, याला कलावंतपणाच म्हणायचं.

या सगळ्याच्या मुळाशी तीन वर्षांच्या एका पोरीचा प्रश्न आहे. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड १९४३ साली कुटुंबासह अमेरिकेतल्या सँटा फेला सुट्टीवर गेले होते. बापाने फोटो काढला आणि लेकीने विचारलं, तो आत्ताच्या आत्ता का दिसत नाही? लँड फिरायला बाहेर पडले आणि चालता चालता डोक्यात यंत्र रचू लागले. १९४७च्या फेब्रुवारीत त्यांनी ते लोकांसमोर करून दाखवलं आणि १९४८च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. माझ्या पोरीने असलं काही विचारलं असतं तर 'आईला विचार' म्हणून मी मोकळा झालो असतो.

करामत सगळी फोटोच्या खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत असते. तिच्या पोटात रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून जातो, पुडी फुटते आणि लेप सगळीकडे सारखा पसरतो. रसवंतीच्या चरकातून ऊस जातो तसंच, फक्त इथे रस आतच राहतो आणि चिपाडच कामाचं.

आता आमच्या गावात फोटोग्राफीचा छंद सांगायचा म्हणजे एक अडचण आहे. इथे केकी मूस होऊन गेले. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडला कला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात येऊन राहिला आणि १९८९ साली जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. मुंबईहून पंजाब मेल यायच्या वेळी ते दार उघडून कोणाची तरी वाट बघत, असं गावात अजून सांगतात. घरातच, टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो काढायचा, या 'टेबल टॉप' प्रकारात त्यांनी मोठं नाव कमावलं. त्यामुळे माझ्या गळ्यात कॅमेरा दिसल्याबरोबर शेजारचे जिभाऊ माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले, "दखा, पोऱ्या आते घरमाच बठी ऱ्हाई." आबांनी सुस्कारा टाकला. तसा मी एरवीही कुठे जात नाही.

एप्रिल लागला आणि मला खोक्यावरचा बारीक मजकूर पहिल्यांदा वाचावा लागला. ही फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये वापरा. त्याहून गार असेल तर फोटो निळसर-हिरवट येतो आणि गरम असेल तर पिवळा-तांबडा. मी बाहेर बघितलं. पारा ४३. आमच्याकडे २८ अंश म्हणजे पहाटे साडेचारला, तेही नशीब असेल तर. त्याच्याखाली आणखी एक ओळ: फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, पण वापरण्याआधी तासभर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

हे लिहिणाऱ्या माणसाला कधीतरी आमच्या माडीवर दुपारी बसवायला पाहिजे. आमच्या खोलीच्या तापमानाला आलं की माणसाचाच रंग बदलतो.

मग जागांचा शोध सुरू झाला. फोटो बाहेर आल्यावर त्याला उजेड नको आणि गारवा हवा. घरात गारव्याच्या जागा दोनच: माठाजवळ आणि कूलरसमोर. माठाच्या ओल्या फडक्याखाली एक फोटो सरकवला, तर आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "माठले हात लावू नको!" तिला भिंतीतून दिसतं. राहिला कूलर. कूलरसमोर सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा आबा बसतात. ती जागा त्यांच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर चढवायची तेवढी बाकी. मी फोटो त्यांच्या मांडीवर पालथा ठेवला आणि म्हटलं, "आबा, पंधरा मिनिटं हलू नका." आबा झोपले. फोटो मांडीवरून उशीखाली गेला आणि दोन तासांनी जो निघाला त्यात आमचं लिंबाचं झाड भरताच्या वांग्यासारखं भाजलेलं दिसत होतं. त्याला मी 'उन्हाळा, क्रमांक एक' असं नाव दिलं. क्रमांक सहापर्यंत नावं हीच पुरली.

पण उन्हाचं एक वेळ सोसवतं, माणसांचं नाही. या कॅमेऱ्यातून प्रत एकच निघते. निगेटिव्ह नाही, मेमरी कार्ड नाही, 'पाठव ना रे' नाही. एका अर्थी तेच त्याचं सौंदर्य, असं मी भाच्याला फोनवर सांगितलंही होतं. पण आमच्या गल्लीत फोटो म्हणजे सोळा माणसं. "मले बी घे" करत बायाबापडे, कडेवरचं पोर, दूधवाला, दूधवाल्याची मोटरसायकल, सगळे तळहाताएवढ्या चौकोनात बसवायचे. बसवले तर प्रत्येकाचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. वर प्रत्येकाला तो फोटो पाहिजे. "दुसरी कॉपी काढ ना भो." दुसरी निघत नाही म्हटलं की चेहरे असे होतात, जसं काही मी जमिनीची वाटणी अडवून धरली आहे.

आणि फोटो बाहेर आला रे आला, की कोणीतरी तो झडप घालून उचलतो आणि विंझण्यासारखा हलवायला लागतो. ही सवय सगळ्या जगाला आहे. फार पूर्वीचे फोटो वरचा कागद सोलून काढायचे असत आणि ओले निघत, म्हणून लोक वाळवायला हलवायचे. १९७२च्या मॉडेलपासून सगळा कारभार प्लॅस्टिकच्या आत बंद झाला. हलवून काहीही वाळत नाही, झालंच तर आतला लेप सरकतो. हे मी जिभाऊंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोटो हलवतच. मग म्हणाले, "मोबाइलमा तं लगेच दिसस." आणि तो फोटो खिशात घालून निघून गेले. तो आता त्यांच्या खताच्या दुकानात, गणपतीच्या तसबिरीच्या काचेत खोचलेला आहे. दिवाळीपासून मी काढलेल्या चांगल्या फोटोंची गत हीच. एक खताच्या दुकानात, एक दूधवाल्याच्या पाकिटात, एक थेट पारोळ्याला, बहिणीच्या सासरी. माझ्या अल्बममध्ये फक्त 'उन्हाळा' मालिका आहे.

तेव्हा मी ठरवलं, आता माणसं नकोत. मूसांसारखं घरात बसून प्रयोग करायचे. (ते बाहेर का पडत नसत याचं मला एप्रिलमध्ये एक नवंच कारण सुचलं, पण ते गावात बोलून दाखवण्याची माझी हिंमत नाही.) टेबलावर रवा पसरून वाळवंट केलं, त्यावर लवंगांचे उंट उभे केले. उंट बरे दिसत होते. मुंग्यांचा तांडा माझ्या योजनेत नव्हता, पण फोटोत तोच सर्वात खरा वाटला. रव्याचा हिशेब वेगळा द्यावा लागला.

मग डबल एक्स्पोजर. एकाच फिल्मवर दोन फोटो, एकावर एक. यातली मेख अशी, की पहिल्या फोटोत जिथे काळोख असतो तिथेच दुसरा नीट उमटतो. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र, काळ्या घोंगडीवर. मी आधी कुरडयांचा फोटो घेतला आणि त्यावर आबांचा, मागे देवघराचं अंधारं दार ठेवून. मनात होतं, चेहऱ्याभोवती काहीतरी गूढ जाळी यावी. सकाळी सहाची वेळ होती, ऊन चढलं नव्हतं, रंग पहिल्यांदाच जागेवर होते. दहा मिनिटांनी फोटोत आबा दिसू लागले आणि त्यांच्या गुळगुळीत डोक्यावर कुरळ्या, दाट, पांढऱ्या केसांचा टोप.

आबांना टक्कल पडून तीस वर्षं झाली. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडात नेला, पुन्हा आत आणला. काही बोलले नाहीत. बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मी मागितला तर म्हणाले, "कोनता फोटो?" माझी आजवरची एकमेव कलाकृती त्या खिशात आहे आणि आल्यागेल्याला दाखवताना ते सांगतात, "हाऊ जुना फोटो शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या. लिंबाला झोका बांधला, आंबे आले, अंगणात चूल पेटली आणि चुलीवर पालथं खापर चढलं. आई मांडे करते तेव्हा आम्ही सगळे आजही नुसते बघत उभे राहतो. पुरणाचा उंडा ती हातावर घेते आणि तो या हातावरून त्या हातावर झेलत, कोपरापर्यंत पसरत जातो. इतका पातळ, की पलीकडचं दिसावं. कुठे फाटत नाही. मग एका झोक्यात खापरावर. मी त्याचा फोटो काढला. चुलीजवळ किती अंश असतील ते विचारू नका. फोटो बाहेर आला तोच नारिंगी, त्यात ना आई ना मांडा, नुसती होळी. खोक्यात एकच फिल्म उरली. ती मी झोक्यावर बसलेल्या आबांवर खर्च केली. तांबूस आली, पण चेहरा ओळखू येत होता.

संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, फोटो ताजा असला की त्यावरचं चित्र सोलून काढता येतं. करून बघा." म्हणजे असं: पांढऱ्या कडा कापायच्या, मागचा काळा थर सोलायचा आणि उरलेली पारदर्शक पट्टी कोमट पाण्यात सोडायची. थोड्या वेळाने चित्राचा पापुद्रा प्लॅस्टिकपासून सुटतो आणि पाण्यावर तरंगतो. तो कागदावर, काचेवर, मातीच्या भांड्यावर, कुठेही झेलावा. वाळला की तिथेच चिकटतो. पाणी कोमट करायची मला गरज नव्हती, टाकीचं पाणी नळातून तसंच येत होतं. आबांकडे फोटो मागितला. त्यांनी बारकाईने बघितला. "यामा मना केस नहीत. ली जाय."

परात भरली. पापुद्रा सुटला. मागची पांढरी भुकटी ब्रशने धुतली आणि आबा पाण्यात एकटेच तरंगू लागले, दुधावरच्या सायीसारखे, कडा हलत होत्या. मी कागद खालून सरकवला. आबा गुंडाळले गेले. उलगडले तर दुमडले. ओढलं तर कानाशी चीर गेली. पाहुणे जमले, सूचना सुरू झाल्या. मेहुणे म्हणाले चमचा घ्या. ही म्हणाली, "पाणी परवा येणार आहे, परात दुसऱ्यांदा भरायची नाही."

तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. "सरक," म्हणाली. मी हातमोजे पुढे केले, रसायन आहे म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही तळवे पाण्यात घातले, बोटं फाकवली आणि थांबली. पापुद्रा आपणहून पसरला. मग हात हळूच वर आले आणि आबा तिच्या मनगटापर्यंत सरळ, सपाट, एकही सुरकुती नाही. सगळे गप्प झाले. मी म्हटलं, "आई, आता हा कागद..."

पण तिचे हात पन्नास वर्षं एकाच दिशेला वळलेत. चुलीशेजारी खापर पालथं घातलेलं होतं, निवलेलं. एका झोक्यात आबा खापरावर. वर तळव्याने कडा दाबून तिने गोल बसवलेही.

काढता येईना. सकाळपर्यंत पक्कं वाळलं. मातीवर तांबूस आबा, झोक्याच्या दोरीसकट, इतके छान बसलेत की माझ्या अख्ख्या उद्योगात असं एकही काम नाही. हिने लगेच जाहीर केलं, की रसायन लागलेलं खापर आता स्वयंपाकात चालणार नाही. नव्या खापराची किंमत फोटोच्या हिशेबात धरली जाईल. आईला मात्र ते पटलेलं दिसत नाही. तिने खापर पुसून, आबांची बाजू वर करून, परत चुलीशेजारीच ठेवलं.

आबा कूलरसमोरून उठून मुद्दाम बघायला आले. बराच वेळ बघत राहिले. मग आईला म्हणाले, "म्हंजे पुढली आखाजीले तू मनावरच मांडा भाजशी?"

"पन्नास वरीस दुसरं काय करं मी?" आई म्हणाली आणि माठ भरायला गेली.