विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचे काम कोणाचे?

आमच्याकडे गौरी-गणपती असतात आणि गणपती गौरींबरोबरच जातात, त्यामुळे त्यांचा मुक्काम नक्षत्रांवर ठरतो. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्या निघतात. २०२४ साली ७ सप्टेंबरला आलेले गणपती १२ तारखेला, म्हणजे सहाव्या दिवशी गेले. २०२५ साली २७ ऑगस्टला आलेले २ सप्टेंबरला, सातव्या दिवशी. एवढे दिवस गोरेगावच्या आमच्या घरात रोज पंधरा-वीस पाने वाढली जातात आणि रात्री दहा-बारा अंथरुणे पडतात. हे सगळे मला मनापासून आवडते, त्यामुळे सण आटोपशीर करावा असे सुचवण्यासाठी मी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाविषयी, ज्याच्याबद्दल आमच्या घरात कितीतरी वर्षे कोणी एक अक्षरही बोलत नव्हते.

येण्याच्या तयारीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. मखर धाकटे भावोजी करतात आणि त्यासाठी ते पंधरा दिवस आधीपासून विरारहून दर रविवारी येतात. फुलांसाठी माझा मुलगा पहाटे चारला उठून दादरला जातो. लोहार चाळीतून दिव्यांच्या माळा आणणे, समया आणि तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासणे, पडदे धुणे, माळ्यावरचे पाट-चौरंग काढणे, या सगळ्या कामांना माणसे आपणहून पुढे येतात, कारण त्या कामांत येणाऱ्या सणाचा आनंद मिसळलेला असतो. आणि मग विसर्जनाची संध्याकाळ येते. पालिकेच्या कृत्रिम तलावावरून परत यायचे, रिकाम्या पाटापुढे आरती करायची, वाटली डाळ हातावर घ्यायची आणि डोळे पुसत साडेदहाची विरार लोकल गाठायची. यात कोणाचेच काही चुकत नाही, कारण सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. मागे उरतात चौदा चादरी, तेवढेच उशांचे अभ्रे, तुपाचे हात पुसलेल्या पंच्यांची चळत, दोन जाजमे, आणि घरातली दोन माणसे.

तीन वर्षांपूर्वी अशाच दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वॉशिंग मशीन बंद पडले. चार चादरी आत, ड्रम अर्धा पाण्याने भरलेला, दार उघडेना आणि पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरे लुकलुकत राहिली. दुरुस्तीसाठी फोन केला, तर सणामुळे आठ दिवस माणूस मिळणार नाही असे उत्तर आले. बाहेर पाऊस होता, दोऱ्यांवर आधीचेच ओले कपडे होते. शेवटी मी मशीनची माहितीपुस्तिका शोधून काढली, जी घेतल्यापासून आम्ही कोणी उघडली नव्हती, आणि त्यात लिहिल्याप्रमाणे मशीनचे बटण आणि प्लग दोन्ही बंद करून खाली उजव्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडली. तिच्या आत बोटाएवढी रबरी नळी असते, तिच्या टोकाला बूच असते. बूच काढले की ड्रममधले पाणी हळूहळू बाहेर येते. जमिनीला लागून काम असल्याने बादली बसत नाही, म्हणून जुनी पसरट थाळी लावली आणि ती भरली की मोरीत रिकामी करायची, असे पाऊण तास केले. नंतर त्या नळीशेजारचे गोल झाकण डावीकडे फिरवून ओढले. ते झाकण म्हणजेच पंपाची गाळणी.

त्या गाळणीत काय होते ते मी आजही विसरलेले नाही. फुगून आंबलेल्या अक्षतांचा गोळा, काळ्या पडलेल्या दूर्वा, एक रुपयाची दोन नाणी, एक सेफ्टी पिन, शेवंतीच्या पाकळ्यांचा चिखल. आणि आत पंपाच्या पात्याभोवती गजऱ्याचा पांढरा दोरा असा आवळून बसला होता की तो कात्रीने तुकडे करून काढावा लागला. पाते अडले म्हणून पाणी जाईना, पाणी जाईना म्हणून मशीन थांबले, एवढीच गोष्ट होती. अक्षता कुठून आल्या ते विचार केल्यावर लक्षात आले. मंत्रपुष्पाच्या वेळी ओंजळीत घेतलेल्या अक्षता-फुलांतले उरलेले आमच्याकडचे पुरुष आणि मुले झब्ब्याच्या खिशात टाकतात, आणि झब्बा तसाच धुवायच्या कपड्यांत येतो. रोज दोन वेळच्या आरत्या, आठ-दहा झब्बे. खिसे तपासणे हे कोणाच्याच नावावर नसलेले काम होते.

त्यानंतर मी मशीन नीट पाहिले. पुढून दार उघडणाऱ्या मशीनला दाराभोवती जाड रबर असते आणि त्याला आतून घडी असते. ती घडी बोटांनी ताणून उघडली तर आत गढूळ पाणी साचलेले होते आणि रबरावर काळे ठिपके पसरलेले होते. धुतलेल्या चादरींना येणारा कुबट वास मी पावसाळ्याच्या माथी मारत होते. तो बराचसा या घडीतून येत होता. धुलाई संपली तरी रबरात आणि पंपात थोडे पाणी राहतेच. दार लगेच घट्ट लावून घेतले की ती ओल आत कोंडते, आणि मुंबईच्या श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत बुरशीला आणखी काही लागत नाही. त्यात सणाच्या कपड्यांवर तेल-तूप असते. थंड पाण्यात तूप सुटत नाही, साबणाशी मिसळून त्याचा चिकट थर होतो आणि तो आतल्या भोकांच्या ड्रमच्या मागे, बाहेरच्या टबाला बसतो, जिथे आपली नजर कधीच पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे उलटी समजली जाते, ती म्हणजे साबण. माझ्या नणंदबाई सोलापूरजवळ राहतात. त्यांच्याकडे बोअरचे जड पाणी, त्यात फेस लवकर होत नाही, म्हणून दोन माप पावडर घालायची त्यांच्या हाताला सवय आहे. आमच्याकडे येते ते तलावांचे पाणी. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सातही तलावांत पावसाचेच पाणी साठते आणि ते मऊ असते. (त्यातला विहार तर आमच्या गोरेगावच्या शेजारचा, १८६० सालापासून तो मुंबईला पाणी देतो आहे.) मऊ पाण्यात अर्ध्या मापातही भरपूर फेस होतो. जास्त घातलेली पावडर कपडे जास्त स्वच्छ करत नाही, ती खळबळून पूर्ण निघतही नाही. खणात, रबरात आणि टबावर बसून राहते. आणि पाणी मऊ असल्यामुळे पालिकेचे पाणी येणाऱ्या घरांत क्षार काढण्याच्या पुड्या महिन्या-महिन्याला विकत घेण्याची मला फारशी गरज वाटत नाही. ज्या इमारतींत टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरले जाते, त्यांची गोष्ट वेगळी.

आता मी जे करते ते सांगते, कारण मला हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. कपडे टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा आणि चादरी गॅलरीत झटकायच्या. तुपाचे पंचे आणि हात पुसायची फडकी गरम पाण्यात वेगळी भिजवायची. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्याने घाबरायचे नाही. साबण धुतला गेला की तो पुन्हा पिवळा होतो आणि पुढे उन्हाने फिका पडत जातो, फक्त त्या दिवसांत ऊन मिळण्याची वाट पाहावी लागते. सोवळे आणि रेशमी साड्या मशीनमध्ये घालायच्याच नाहीत. सगळे धुऊन झाले की मशीनची पाळी. साबणाचा खण पूर्ण बाहेर ओढून जुन्या टूथब्रशने घासायचा. बोटाभोवती फडके गुंडाळून रबराची घडी पूर्ण गोल पुसायची. खालच्या बाजूला सर्वांत जास्त घाण असते. मग मशीन रिकामे ठेवून सर्वांत गरम पाण्यावर एकदा चालवायचे. ज्यांत टब क्लीन अशी सोय आहे, त्यांनी ती वापरावी. पाणी निवल्यावर गाळणी उघडायची, आधी कधीच नाही, कारण आतले गरम पाणी हातावर येते. आणि शेवटी दार चार बोटे उघडे ठेवायचे, मात्र घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवून. वरून झाकण असलेल्या मशीनला आत जाळीची पिशवी असते, ती उलटी करून धुवायची; दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकलाही बहुधा अशीच जाळी असते. कोणतेही मशीन असो, नळाकडून येणारी नळी जिथे जोडलेली असते तिथली बारीक जाळी गाळाने भरते आणि मग मशीनमध्ये पाणी धड येत नाही.

एक इशारा मात्र कळकळीने देते. ब्लीच वापरायचे असेल तर त्याच्याबरोबर किंवा त्याच्या पाठोपाठ व्हिनेगर, लिंबू वा सायट्रिक ॲसिड घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि आपल्या बंद न्हाणीघरांत तो जीवावर बेतू शकतो. ‘दोन्ही घातले तर दुप्पट स्वच्छ होईल’ असे मी चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकलेले आहे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की यात लिहिण्यासारखे काय आहे, एका बाईने अर्ध्या दिवसात उरकण्याचे काम आहे. माझा आक्षेप नेमका या ‘एका बाईने’ला आहे. दुसरे उत्तर मिळते ते ‘बाई लावा’ असे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई गणपतीला कोकणात स्वतःच्या घरी जातात आणि त्यांनी जावेच, त्यांच्याही घरी गौरी येतात. त्या परत आल्यावर सात दिवसांची भांडी, जाजमे आणि आमच्या खिशांतल्या अक्षता त्यांच्यापुढे टाकणे मला पटत नाही. आणि ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असते की सणात कामांचा हिशेब मांडू नये. मला त्यांचा आदर आहे, पण हा हिशेब आधीपासून मांडलेलाच होता, हे मला आमच्याच घरात सापडले.

माझ्या सासूबाईंची एक वही आहे, त्या गिरगावच्या चाळीत असल्यापासूनची. निळ्या शाईने लिहिलेली सामग्रीची यादी आम्ही दरवर्षी तीतून उतरवून घेतो: कापूर, जानवी, अत्तर, एकवीस मोदकांची पिठी. पुढचे पान आम्ही कधी उलटलेच नव्हते. मशीन बंद पडले त्या वर्षी मी ते उलटले. वर ‘नंतर’ असे लिहून खाली रेघ मारलेली होती. समया कोरड्या पुसून फडक्यात बांधणे. जाजम सामायिक नळावर धुणे, दोघांनी पिळणे. पाट माळ्यावर. पातेली परत, आणि त्यापुढे ज्यांची पातेली आणली होती त्या चार बिऱ्हाडांची नावे. मोरी सोडा घालून घासणे. प्रत्येक ओळीपुढे घरातल्या एकेका माणसाचे नाव होते, त्यात माझे सासरे होते आणि तेव्हा शाळेत असलेले माझे यजमानही होते. मी सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “अगं, जाजम एकट्याने पिळता येतं का? मग नाव लिहायलाच हवं.” चाळ सुटली, जाजमे धुवायला मशीन आले, आणि मशीन आहे म्हटल्यावर दुसऱ्या माणसाची गरज संपली असे आम्ही गृहीत धरले. खरे तर मशीनने पिळण्याचे काम घेतले. खिसे तपासायचे, वाळत घालायचे, घड्या करायचे आणि त्या मशीनलाच साफ करायचे काम माणसांकडेच राहिले, फक्त ती माणसे कमी होत होत एकावर आली.

मी ते पान सगळ्यांपुढे ठेवले. भांडण केले नाही, फक्त वाचून दाखवले. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “वहिनी, आम्हाला वाटायचं, तुम्हाला आम्ही मध्ये लुडबुडलेलं आवडत नाही.” हे मला अनपेक्षित होते आणि लागलेही, कारण मी कधीच कोणाला थांब म्हटले नव्हते. मदत मागायची असते, ती आपोआप कळत नाही, हे मला तेव्हा उमगले आणि न सांगता सगळे करून टाकण्याचा माझा हट्टही या प्रकरणात होता, हे मान्य करायला हवे.

गेल्या वर्षी आम्ही त्याच वहीत नवे ‘नंतर’ लिहिले. खिसे तपासणे हे माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याकडे दिले आणि त्याने ते इतके मनावर घेतले की आरती संपली की तो वाडगा घेऊन सगळ्यांच्या झब्ब्यांपाशी उभा राहायचा. त्या अक्षता मग आम्ही गॅलरीत चिमण्यांना घालत होतो. मोठ्या भावोजींनी डोंबिवलीला जाताना पाच चादरी पिशवीत भरून नेल्या आणि त्यांच्या मशीनमध्ये धुऊन पुढच्या रविवारी परत आणल्या. धाकट्या भावोजींनी ३ सप्टेंबरची अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि विसर्जनाच्या रात्री ते आमच्याकडेच राहिले. सकाळी मी कपडे वाळत घालत होते, यजमान पाट माळ्यावर चढवत होते आणि भावोजी मोरीच्या दाराशी मांडी घालून, मोबाइलचा दिवा तोंडाशी धरून, रबराची घडी पुसत होते. गाळणीत या वेळी एक टिकली आणि थोडे लोकरीसारखे सूत निघाले. एक वाजता सगळे आवरले. आदल्या दिवशीची उरलेली वाटली डाळ दह्यात कालवून तिघांनी भाताबरोबर खाल्ली आणि भावोजी दोनची विरार पकडायला निघाले.