परत बोल, काय म्हणालास?

काल रात्री भाच्याला 'स्टार ट्रेक' ही अंतराळजहाजावरची अमेरिकन मालिका दाखवायला बसले. जुनं, पहिल्या सीझनमधलं, डिसेंबर १९६६ चं. भागाचं नाव 'बॅलन्स ऑफ टेरर'. पंधरा मिनिटं झाली असतील, हा म्हणतो, "मावशी, हे सगळं पुठ्ठ्याचं आहे गं." आणि मोबाइल काढून बसला.

इतका संताप झाला की झोप येईना.

आहे पुठ्ठ्याचं. अवकाशात आवाज जात नाही, तरी शत्रूला ऐकू जाईल म्हणून ही मंडळी कुजबुजतात, तेही मान्य. पाणबुड्यांची लढाई उचलून अंतराळात नेलीय, त्याचा परिणाम. बरं, मग?

बघायचं ते वेगळंच आहे. रोम्युलन नावाच्या परग्रहवासी शत्रूंशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं, पण तेव्हा कुणी कुणाचं तोंडच पाहिलं नव्हतं. आता पहिल्यांदा पडद्यावर शत्रूच्या कप्तानाचा चेहरा येतो. टोकदार कान, वर गेलेल्या भुवया. यांच्याच जहाजावरच्या स्पॉकसारखाच. स्पॉक बिचारा आपल्या जागी काम करतोय. पण नॅव्हिगेटर स्टाइल्सची नजर बदलते. त्याच्या घरातली माणसं त्या युद्धात गेलेली. शत्रूच्या सांकेतिक संदेशाचा विषय निघतो तेव्हा तो पुटपुटतो, द्या की स्पॉकला.

जहाजाच्या कप्तानाला, किर्कला, ऐकलं न ऐकलं करता आलं असतं. लढाई तोंडावर, माणूस कामाचा. तो म्हणतो, मला नीट ऐकू आलं नाही, परत बोल. आणि जहाज चालवायच्या त्या कक्षात, ब्रिजवर, सगळ्यांदेखत सांगतो, असला द्वेष आपल्या खोलीत ठेवून यायचा, इथे ब्रिजवर त्याला जागा नाही.

मार्च २०२०, कोरोनाचे दिवस. आमच्या लिफ्टमध्ये मी, चौथ्या मजल्यावरचे काका आणि सहाव्यावर भाड्याने राहणारी नागालँडची मुलगी. तोंडाला रुमाल धरून काका पुटपुटले, "यांनीच आणलाय तो." मला स्वच्छ ऐकू आलं. तिलाही. मी दारावरचे आकडे बघत राहिले. दोन. तीन. ती तिसऱ्यावर उतरली आणि जिन्याने वर गेली.

त्याच ब्रिजवर सुलूच्या भूमिकेत जपानी वंशाचा अमेरिकन नट जॉर्ज टाकेई बसलाय. दुसऱ्या महायुद्धात त्याला, पाच वर्षांच्या पोराला, अमेरिकेने आईवडिलांसकट काटेरी तारांच्या छावणीत ठेवलं होतं. चेहरा जपानी, एवढाच गुन्हा. अशी लाखाहून जास्त माणसं होती. हे प्रसंग चित्रित होताना त्याच्या मनात काय चाललं असेल? आणि आपण सेट कशाचा आहे ते बघायचं!

कुणी म्हणेल, काका घाबरलेले होते, तेव्हा सगळेच घाबरलेले होते. असतील. स्टाइल्सही घाबरलेलाच होता की. मला काकांचा राग नाही आता. "काय म्हणालात काका?" एवढे तीन शब्द होते. तेवढेही माझ्या तोंडून निघाले नाहीत. ती मे महिन्यात खोली सोडून गेली. जाताना जिन्यात भेटली तर मला "बाय आंटी" म्हणाली.

रात्री एकटीनेच भाग पूर्ण पाहिला. शेवटी फेझर या शस्त्राच्या खोलीत विषारी वायू पसरतो आणि स्पॉक स्टाइल्सलाच ओढून बाहेर काढतो. ज्या पोराच्या लग्नाने भाग सुरू होतो, तो मात्र आतच मरतो. मग किर्क त्याच्या नवरीला भेटायला चॅपेलमध्ये, जहाजावरच्या प्रार्थनाघरात, जातो. लग्न लागणार होतं त्याच चॅपेलमध्ये.

भाच्यावर उगाच चिडले. सतरा वर्षांचा आहे तो. आज सकाळी चहा पिताना आपणहून विचारत होता, "मावशी, ते लग्न लागलं का गं पुढे?" म्हटलं, नाही लागलं. गप्प झाला. मग म्हणाला, रात्री पुन्हा लाव, पहिल्यापासून.

लावणार आहे. स्टाइल्स पुटपुटतो तिथे थांबवून त्याला लिफ्टचं सांगायचंय. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.