हात काळे न करता टेक्निकल पास कसं व्हावं

आठवीला टेक्निकल, म्हणजे वर्कशॉपचा विषय घेतलास, अभिनंदन भावा. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा तुला किर्लोस्करांची गोष्ट सांगणार, मान डोलव आणि पोहे खा. लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता यायचे नाहीत म्हणून त्यांनी चित्रकला सोडून मशीन ड्रॉइंग धरलं, मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग बेळगावला सायकलचं दुकान टाकलं, पुढे नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, यातलं काहीही पाहुण्याला माहीत नसतं, त्याला फक्त 'आजकाल हातात कला पाहिजे बरं का' एवढंच म्हणायचं असतं आणि त्याचा स्वतःचा पोरगा संस्कृत घेऊन क्लासला गेलेला असतो.

तू टेक्निकल का घेतलंस ते मला विचारू नकोस, मला माहितीये. एक, संस्कृतची रूपं पाठ करायला लागू नयेत. दोन, डिप्लोमाला टेक्निकलवाल्यांचा कोटा असतो असं कुणाच्या तरी मामाने सांगितलं. तीन, टेक्निकलचे तास दुसरीकडे सेंटरला असतात, म्हणजे भर दुपारी दप्तर घेऊन शाळेच्या गेटातून राजरोस बाहेर पडता येतं. तिन्ही कारणं एकदम चोख आहेत. 'मला काहीतरी बनवायला शिकायचंय' असं कुणी म्हणाला तर त्याच्यापासून लांब बस. किंवा नको, जवळच बस, त्याचा उपयोग आहे, पुढे सांगतो.

आधी सेंटरचा रस्ता. शाळा ते सेंटर चालत दहा मिनिटं, तू अर्धा तास लाव. शाळेतल्या बाई समजतात पोरगं सेंटरला आहे, सेंटरचे सर समजतात शाळेनेच उशिरा सोडलं, आणि तू वडापावच्या गाडीवर असतोस. सेंटरला तीन-चार शाळांची पोरं येतात, प्रत्येकाचा गणवेश वेगळा, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कुणाच्या शाळेची पोरं भारी यावर मारामारी होईल, ती होऊ दे, वर्षभर पुरणारा तेवढाच एक विषय असतो.

आता फिटिंग शॉप. सर एक एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा देतील, ५० बाय ५०, सहा एमएम जाडीचा, आणि म्हणतील घास. बस. तो वाईसमध्ये, म्हणजे बेंचवरच्या शिकंजात धरायचा आणि कानशीने घासायचा, चारी बाजू काटकोनात येईपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत. कानस सरळ ढकलायची असते पण तुझी ती झुल्यागत वरखाली होणार, त्यामुळे कडा खाली जाणार आणि मधे पोट येणार. सर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार लावून तुकडा उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि फटीतून आरपार उजेड दिसला की काही न बोलता परत देतात. यावर उपाय सोपा आहे, ज्या खिडकीला धुळीने पडदा धरलाय आणि जिथली ट्यूब गेलीये तिथला वाईस पकड. उजेडच नसेल तर फट कुठून दिसणार.

हॅकसॉ म्हणजे धातू कापायची करवत, तिचं ब्लेड लावताना दात पुढच्या बाजूला असावे लागतात कारण कटिंग पुढे ढकलताना होतं. तू उलटं लावशीलच, लाव, आणि पंधरा मिनिटं घाम गाळून धातूला नुसता चट्टा पडला की शेजाऱ्याला म्हण ब्लेड बोथट दिलंय यार. ब्लेड तुटलं तर दोन्ही तुकडे शेजाऱ्याच्याच फ्रेमखाली सारायचे. शेजारी हा वर्कशॉपमधला सगळ्यात महत्त्वाचा टूल आहे हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितोय.

थिअरीतलं तुझ्या एकच गोष्ट कायमची लक्षात राहील, कानशीचे प्रकार. रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ. चौदाव्या वर्षी सरांच्या तोंडावर मोठ्या आवाजात बास्टर्ड म्हणायची आयुष्यातली ही एकमेव अधिकृत संधी, आणि बघ, अख्खी बॅच स्टोअरमध्ये जाऊन फक्त तीच कानस मागते. पुढे मेल-फीमेल फिटिंगचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा जॉब येतो तेव्हा मागच्या बेंचवर जे काही होतं ते इथे लिहीत नाही. बॅचमधल्या तीन पोरी तोपर्यंत जॉब पूर्ण करून, तेल लावून, जमा करून गेलेल्या असतात. त्यांच्याकडे बघू नकोस, न्यूनगंड येईल.

पण मुळात जॉब करायचाच कशाला हा खरा प्रश्न. दरवर्षी जॉब तोच असतो. जॉबवर रोल नंबर पंचने ठोकलेला असतो, म्हणजे दहावीतल्या कुणाचा तरी जुना जॉब मिळवायचा, नंबर घासून काढायचा, आपला ठोकायचा, संपलं. हीच ती फिटिंगची खरी प्रॅक्टिस, माझं तर मत आहे की मार्क या घासकामालाच द्यायला पाहिजेत कारण पोरं जीव ओतून फक्त तेवढंच करतात. प्लेट दरवर्षी थोडी बारीक होत जाते खरी, पण ते मोजायला वर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार लागतो आणि वर्नियर कपाटात असतो, कपाटाची किल्ली स्टोअरवाल्या काकांकडे आणि काका जेवायला. तू फक्त 'लीस्ट काउंट पॉइंट झिरो टू एमएम' एवढं पाठ कर. वर्नियर कसा दिसतो हे परीक्षेच्या दिवशी कळलं तरी चालतं.

ड्रॉइंगला तर डोकंच लावू नकोस. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, म्हणजे फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू त्याच्या खाली, आणि डावीकडून बघितलेली बाजू काढायची उजवीकडे. असं का हे सर एकदा खडूच्या खोक्याला धरून समजावतात, खूप छान समजावतात, आणि नेमकं तेव्हा तू पेन्सिलला टोक करत असतोस. हरकत नाही. जीटी नावाची थोर विद्या आहे, ग्लास ट्रेसिंग. कुणाच्या तरी टेबलाची काच, खाली बल्ब, काचेवर हुशार पोराची शीट, त्यावर तुझी. फक्त एवढं बघ की ओरिजिनलवाल्याने ४० च्या जागी ४६ लिहिलं असेल तर अख्ख्या बॅचचं ४६ येतं आणि मग सर एकेकाला उभं करून विचारतात, हे सहा एमएम आले कुठून. उत्तर द्यायचं, सर तुम्हीच फळ्यावर लिहिलेलं. तीस पोरं एकदम म्हणाली की सरांनाही वाटायला लागतं.

सुतारकामात रंधा आणि पटाशी. हाफ लॅप जॉइंट करायला सांगतात, तो बसत नाही, हलतो. भुसा आणि फेविकॉल कालवून फटीत भर, वाळला की पॉलिश पेपर मार, एकजीव. इलेक्ट्रिकलला जिन्याचं वायरिंग, दोन टू-वे स्विच आणि एक दिवा, तो लागला नाही की बल्ब गेलाय म्हणायचं. आणि कुणी हसत हसत पंख्याचा कंडेन्सर हातात द्यायला आला तर घेऊ नकोस, चार्ज केलेला असतो, झटका बसतो. हा सल्ला मात्र सिरियसली देतोय.

लेथ म्हणजे धातू फिरवून कापायचं मशीन, त्याचं टेन्शन घेऊ नकोस, पोरं तीस आणि चालू लेथ एक, तुझा नंबर येईपर्यंत तास संपतो. बाकीच्या लेथ 'पार्ट यायचाय' या अवस्थेत असतात, पार्ट मागवलेला असतो, पत्र गेलेलं असतं, पत्राचं स्मरणपत्रसुद्धा गेलेलं असतं. खंडेनवमीला मात्र सगळ्यांना सारखा मान. बंद लेथलाही झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, आणि त्या दिवशी ती इतकी पुसून काढतात की बघणाऱ्याला वाटावं आता सुरूच होणार. पेढा खायचा, सरांच्या पाया पडायचं, फोटोत पुढे उभं राहायचं.

आता तो पोरगा, ज्याच्या जवळ बस म्हणालो होतो. प्रत्येक बॅचला एक असतो. एसटी स्टँडमागे बापाचं ग्रिल-गेटचं दुकान असतं, शर्टाला ठिणग्यांची भोकं असतात आणि शाळेत तो कधी बोलत नाही कारण गणिताचे सर त्याला रोज भिंतीकडे तोंड करून उभं करतात. वर्कशॉपमध्ये मात्र तो तुकड्यावरून नुसता अंगठा फिरवतो आणि सांगतो इथे पोट आहे. गुण्या नंतर लावायचा, तिथेच निघतं. एका दुपारी सात जणांचे जॉब करतो, अगदी पाहुण्यासारखा लाजत लाजत. रेट एक वडापाव. दोन दिलेस तर पॉलिश पेपरही मारून देतो. त्याच्याकडून काही शिकायच्या भानगडीत पडू नकोस, शिकवायला लागला की तो दिवसभर थांबत नाही, 'कोपर अंगाला चिकटव, पाय असा ठेव, वजन खांद्यातून दे', आणि मग खरंच यायला लागतं आणि पुढच्या वेळी सगळे तुझ्याकडे जॉब घेऊन येतात.

परीक्षेला बाहेरचे एक्झामिनर येतात. जॉब बघायला त्यांना वेळ नसतो, चहा झाला की तोंडी. फाइल म्हणजे काय, व्याख्या सांगा. तू सांगणार, कठीण केलेल्या पोलादाचं, पृष्ठभागावर दाते असलेलं, धातू थोडाथोडा घासून काढण्याचं हत्यार. पूर्ण मार्क. त्या ग्रिलवाल्या पोराला विचारतात तेव्हा तो जरा विचार करतो आणि म्हणतो, सर, कानस. शून्य. सर मधे पडून म्हणतात की पोराचा हात चांगला आहे हो, एक्झामिनर म्हणतात हाताचा कॉलमच नाही. आहे तसा, पण त्यात आधीच सगळ्यांना सारखे मार्क भरून झालेले असतात, उगाच खाडाखोड नको.

मग कोट्यातून तुझी डिप्लोमाला ॲडमिशन होईल, मग डिग्री, मग हिंजवडीला एखाद्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बसशील जिथे हात काळे व्हायची शक्यता फक्त प्रिंटरमुळे. त्याला टक्के कमी पडतात, तो बापाच्या दुकानात जातो. बॅचचा ग्रुप निघेलच, ग्रुपवर 'सोनेरी दिवस' वगैरे टाकायचं आणि नवीन फ्लॅटच्या बाल्कनीला ग्रिल बसवायचं ठरलं की त्याला पर्सनलवर मेसेज करायचा. माप तू घेऊ नकोस, तुला टेप धरता येत नाही, तोच येईल, गाडीला पेट्रोल घालून. काम झाल्यावर चहा आधी सांग आणि शाळेच्या गप्पा काढ, सरांची नक्कल कर, बास्टर्ड फाइलची आठवण काढून हसव. इतकं हसल्यावर पैशाचा विषय काढायला त्याला लाज वाटते. अगदीच काढला तर म्हण, अरे सांग ना किती झाले, लगेच जीपे करतो. तो म्हणेल राहू दे रे, मटेरियलचे तेवढे दे. त्यातही थोडं घासून बघ.