गरम गाडीचा सेल्फ, चढावरचा दम आणि सिग्नलवरचा झटका: तुमच्या रिव्ह्यूला सविस्तर उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की २००४ ची पेट्रोल गाडी आम्ही चार दिवस ठेवून घेतली, मोठा पार्ट एकही बदलला नाही, तपासणीचे म्हणून १,८०० रुपये लावले आणि घरी नेल्यावर सिग्नलवरून सुटताना गाडी अजून झटका देते. उद्यमनगरात दुसरीकडं हे काम अर्ध्या दिवसात झालं असतं, असंही तुमचं म्हणणं आहे. जुनी गाडी सांभाळणारे बरेच जण हे वाचतील, म्हणून काय तपासलं आणि का, ते इथंच लिहितो.

गाडी आली तेव्हा तिच्यात नवी बॅटरी, नवा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि टाकीतला नवा फ्युएल पंप आधीच बसवलेला होता. हे तिन्ही पार्ट चांगले आहेत. तरी गरम झाल्यावर सुरू न होण्याचा आणि चढावर दम टाकण्याचा त्रास गेला नव्हता, कारण दोष पार्टमध्ये नव्हता, पार्टपर्यंत करंट नेणाऱ्या वायरिंगमध्ये होता. आणि तुमची तक्रार एक वाटली तरी त्यात वेगवेगळे दोष होते.

आधी सेल्फचं. थंड गाडी पहिल्या चावीला सुरू व्हायची. महामार्गावरून येऊन वीस मिनिटं उभी केली की नुसतं ‘टक’ व्हायचं. असा दोष थंड गाडीवर मोजता येत नाही. रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन गरम करायचं, बॉनेट बंद ठेवून उभं करायचं, मग मीटर लावून चावी मारायची. त्यातही दर वेळी दोष येतोच असं नाही. दिवस गेले ते यात.

मीटरनं काय सांगितलं? बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी ठीक. (सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा.) पण ‘टक’ होतं त्या क्षणी सोलेनॉइडच्या (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरीवर जेमतेम ७ व्होल्ट पोचत होते. तुमच्या गाडीत तो करंट थेट चावीच्या स्विचमधून जातो. वीस वर्षांत स्विचचे कॉन्टॅक्ट झिजून काळे पडतात आणि तिथं व्होल्टेज खाल्लं जातं. थंड असताना तेवढ्यावर भागतं. सोलेनॉइडमधल्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) मात्र दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे सोलेनॉइड ६० अंशांनी तापला की जवळपास चोवीस टक्के. त्यामुळं करंट कमी झाला की प्लंजर (आतला लोखंडी दांडा) पूर्ण ओढला जात नाही. म्हणून नवा सेल्फ घालूनही तेच.

उपाय म्हणून ४० अँपिअरचा चार पिनी रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवला. ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये फ्यूज. ८७ वरून सोलेनॉइडला. ८६ ला चावीची जुनी वायर. ८५ ला अर्थ. आता स्विचवर फक्त रिलेच्या कॉईलचा किरकोळ भार येतो. शिवाय इंजिनची अर्थिंग पट्टी सोडवून घासून घट्ट केली. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.९ व्होल्ट ड्रॉप होता (म्हणजे तेवढं व्होल्टेज वाटेतच खाल्लं जात होतं), तो ०.१५ वर आला. ०.२ पर्यंत चालतो. प्लसच्या बाजूला ०.५ पर्यंत. ही मोजणी कोणत्याही गॅरेजमध्ये दहा मिनिटांत होते, आणि सेल्फ बदलण्याआधी ती करून घ्याच असं मी प्रत्येकाला सांगेन.

दुसरा दोष चढावरचा. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकायची, सपाटीला मात्र नीट. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज लावून, गेज काचेच्या बाहेर वायपरखाली ठेवून गाडी चढाला नेली (पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये कधीच आणू नये). आयडलला (ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) प्रेशर बरोबर, लोड आला की ते २ बारच्या खाली. नवा पंप असून असं का, म्हणून टाकीवरच्या कनेक्टरला मीटर लावला. बॅटरीला १३.९ व्होल्ट, पंपाला १०.८. मागच्या सीटखालच्या कनेक्टरची एक पिन हिरवी होऊन जळली होती. पंप ५-६ अँपिअर ओढतो. त्यावर ३ व्होल्टचा ड्रॉप म्हणजे त्या एका पिनमध्ये १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता. प्लॅस्टिक वितळणारच. आयडलला पेट्रोल कमी लागतं, म्हणून मंद फिरणारा पंपही पुरतो. चढावर पुरत नाही. कनेक्टर कापून नवा बसवला, प्रेशर चढावरही स्थिर राहिलं. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत सीटखालचे आणि गालिच्याखालचे कनेक्टर असे हिरवे झालेले सापडतात. सेकंडहॅण्ड गाडी घेताना ते उघडून बघावेत. फिल्टरही बदलला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या टाकीतली घाण सुटवतं, म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर लवकर बदलणं मला गरजेचं वाटतं.

आता सिग्नलवरून सुटतानाचा झटका. हा तिसरा दोष. तो तुमच्या बिलाच्या मागं लिहिलेला आहे: ‘टीपीएस खराब, बदलावा लागेल’. गाडी देताना तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. तुमच्या परवानगीशिवाय पार्ट आम्ही बसवत नाही.

टीपीएस म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर. थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ च्या वर, मधला प्रवास अखंड हवा. शहरात चालवताना पाय बहुतेक वेळ सुरुवातीच्या थोड्याशा दाबावरच असतो, त्यामुळं आतली पट्टी तिथंच झिजते. तुमच्या गाडीत काटा ०.८ च्या आसपास क्षणभर शून्याला जातो. कॉम्प्युटरला वाटतं पाय काढला, तो पेट्रोल तोडतो आणि झटका बसतो. इतक्या कमी वेळात दोषाचा कोड कॉम्प्युटरमध्ये नोंदला जात नाही, म्हणून स्कॅनर ‘सगळं ठीक’ दाखवतो. डिजिटल मीटरवरही हे निसटतं. काट्याचा मीटर लावून, चावी ऑन ठेवून ऍक्सिलरेटर अगदी सावकाश दाबला की दिसतं. तुम्ही याल तेव्हा तुमच्यासमोर दाखवतो.

तपासणीच्या पैशांबद्दल. रिले, वायर आणि कनेक्टर मिळून बिलात मोठा आकडा होत नाही, हे खरं. पण दोष नेमका कुठं आहे हे शोधणं हेच या कामातलं मुख्य काम आहे, आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे लिहितो, पार्टच्या किमतीत लपवत नाही. ही रक्कम कमी होणार नाही.

आणि ज्यांची गाडी कधी सुरू होते, कधी नाही, त्यांनी एवढं लिहून ठेवा, आमचा आणि तुमचाही वेळ वाचेल. चावी मारल्यावर एकच ‘टक’ होतं, लागोपाठ टकटक होतं, की काहीच आवाज येत नाही? लागोपाठ टकटक बहुधा कमजोर बॅटरी किंवा ढिल्या टर्मिनलमुळं. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा. दर वेळी पंपाचा दोन सेकंद आवाज यायला हवा. मग लगेच धरलं, तर लाइनमधलं प्रेशर उतरतंय: पंपाचा वॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. पावसातच मिसिंग होत असेल (इंजिन अडखळत असेल), तर अंधारात बॉनेट उघडून प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या दिसतात का बघा, हात न लावता.

साहेब, टीपीएसची मजुरी आम्ही लावणार नाही, तपासणीत ती धरली आहे. पार्टची किंमत फक्त द्यावी लागेल. सकाळी इंजिन थंड असताना आणा. बसवल्यावर आयडल सेट करून गाडी गरम होईपर्यंत चालवून बघावी लागते, तेव्हा दुपारपर्यंत वेळ ठेवा.