खोक्यातली गाडी : ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

ड्युअल-स्पोर्ट गाडीच्या (म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या मोटरसायकलच्या) मागच्या चाकाचं बेअरिंग घरी कसं बदलायचं, यावरच्या माझ्या लेखाला ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खालीच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण हात आवरला नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेअरिंग गाडीच्या कंपनीच्या पाकिटातलंच घ्यावं, ॲक्सलचा नट टॉर्क रेंचशिवाय (म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणाऱ्या पान्याशिवाय) आवळू नये, चेन 20 मिमी सैल ठेवा हा माझा सल्ला अशा गाडीला चालणार नाही, आणि फोटोत माझ्या हातात ॲडजस्टेबल पाना दिसतो तो तिथे नसायला हवा होता. एवढं सांगून झाल्यावर शेवटचं वाक्य, जसंच्या तसं : “असले लेख वाचूनच लोक घरी गाड्या खोलतात आणि मग खोक्यात भरून मेकॅनिककडे आणतात.”

पान्याचं मान्य. ॲडजस्टेबल पाना निसटतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. तिथे सॉकेट किंवा रिंग पानाच हवा. त्या दिवशी सॉकेट सापडत नव्हता आणि उजेड जात चालला होता. चूक ती चूक. मला चूक कबूल करता येते, हे यावरून लक्षात यावं.

आता खोकं.

‘असले’ हा शब्द आपण कुठे वापरतो? असले धंदे, असली संगत. लेख चुकला म्हणा, अर्धवट आहे म्हणा, मी ऐकून घेईन. पण ‘असले लेख’ म्हटलं की लिहिणाऱ्यालाच कोपऱ्यात उभं केलं जातं. मी एकोणीस वर्षं या प्रकारच्या गाड्या चालवतोय. आताची तिसरी. तिघींचे एअर फिल्टर मी स्वतः धुतले, फोम न पिळता नुसता दाबून तेल मुरवलं, व्हॉल्व्हच्या फटी फीलर गेजने मोजल्या, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललं. खोकं कधी लागलं नाही.

एकदाच काय ते मेकॅनिककडे काहीतरी हातात घेऊन जावं लागलं, तेही सांगून टाकतो, म्हणजे लपवलं असं व्हायला नको. पहिल्याच वर्षी इंजिन ऑइल बदलल्यावर ड्रेन बोल्ट आवळत होतो, हाताच्या अंदाजाने. घट्ट झाला, मी आणखी थोडा जोर लावला, आणि पाना एकदम हलका फिरला. पोटात गोळा आला. बोल्ट काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चकचकीत दोरा गुंडाळला गेला होता. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं केसिंग. आटे अर्थातच केसिंगचे गेले. हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावं लागलं. मेकॅनिक हसला, मीही हसलो. पण माझ्या हातात फक्त एक बोल्ट होता, खोकं नव्हतं. (टॉर्क रेंच असता तर हे झालं नसतं, असं तुम्ही आता म्हणणार. म्हणा.)

उलट बाजूही ऐका. दुसऱ्या गाडीच्या मागच्या चाकाची दोन्ही बेअरिंगं मी एका वर्कशॉपमध्ये बदलून घेतली होती. कंपनीच्याच पाकिटातली, डोळ्यांदेखत फोडलेली. महिन्याभरात चाक काढून आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवलं, तर वाळू भरल्यासारखी खरखर. कारण मी तिथे उभा राहून पाहिलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी बेअरिंग आतल्या रिंगवर हातोडी मारून बसवलं होतं. असं केलं की सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या ज्या खोबणीतून धावतात तिच्यावर बारीक खड्डे पडतात. बाहेरच्या रिंगएवढ्या मापाचा सॉकेट लावून, फक्त बाहेरच्या रिंगवर ठोकत, सरळ बसवायचं असतं. मी आता बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, हीट गनने कोमट करतो. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरं म्हणजे मधली नळी. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक स्पेसर असतो. पहिलं बेअरिंग तळाला टेकेपर्यंत बसवायचं, स्पेसर घालायचा, आणि दुसरं त्या स्पेसरला जेमतेम टेकलं की थांबायचं. स्पेसर विसरला किंवा बेअरिंग पुढे रेटलं की बाजूने सतत दाब राहतो, मग पाकीट कोणाचंही असो. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं होतं का, अशी शंका येते.

आणि पाकिटाचं म्हणाल तर गाडीच्या कंपन्या बेअरिंग बनवत नाहीत, विकत घेतात. पाकीट फोडा, रिंगवर एसकेएफ, एनटीएन किंवा आणखी कोणा बेअरिंगवाल्याचं नाव आणि एक नंबर कोरलेला दिसेल. समजा 6203-2RS. यातल्या 03 चा अर्थ आतलं भोक 17 मिमी. बाहेरचा व्यास 40, रुंदी 12. 2RS म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आणि चिखलात, ओढ्यात उतरणाऱ्या गाडीला तेच हवं. पुढे C3 लिहिलं असेल तर आतली फट नेहमीपेक्षा किंचित जास्त, तेव्हा जुन्यावर असेल तर नव्यावरही असलंच पाहिजे. हा अख्खा नंबर जुळवून ओळखीच्या मेकचं बेअरिंग घेतलं, तर ते ‘बाहेरचं’ कसं? नकली माल मिळतो हे खरं, पण तो कंपनीच्या नावाच्या पाकिटातही मिळतो. स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, जिथे बसतं त्या तुकड्यात बऱ्याच गाड्यांना वेगळं बेअरिंग असतं, त्याचा नंबरही तेव्हाच पाहून ठेवावा. ते लोक हमखास विसरतात.

कंपनीचा भाग म्हणजे शेवटचा शब्द, असं मानणाऱ्यांनी कावासाकीच्या केएलआर 650 वाल्यांना विचारावं. ही गाडी 1987 ची. तिच्या बॅलन्सरची (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या भागाची) चेन ताणून धरणारा मूळ लिव्हर तुटतो, हे शोधलं मालकांनी आणि बाहेरून दणकट लिव्हर बनवून बसवायला सुरुवात केलीही त्यांनीच. लोकांनी त्या लिव्हरचं नाव ठेवलं ‘डूहिकी’. घरी गाड्या खोलणारेच ते लोक, साहेब. असलेच.

टॉर्क रेंचबद्दल माझं काही म्हणणं नाही. लेखात ‘मॅन्युअल पाहा’ असं लिहिलं आहे, त्यात सगळं आलं. चेनचं म्हणाल तर प्रत्येक गाडीची गोष्ट वेगळी, त्यावर इथे वाद घालत बसत नाही.

एकच विचारतो, राग मानू नका. तुम्ही स्वतः चाक शेवटचं कधी काढलंत? नाव ‘स्पष्टवक्ता’ घेतलंत, पण गाडी कोणती, काम कोणतं केलं, यातलं एक अक्षर नाही. मी माझा तुटलेला आटासुद्धा चारचौघांत मांडला. तुम्ही निदान गाडीचं मॉडेल सांगा. म्हणजे पुढच्या वेळी बोलता येईल. नाही सांगितलं तरी चालेल.

ता. क. : लेखातला चेनचा परिच्छेद काल रात्री बदलला आहे. 20 मिमी काढून टाकलं. अशा गाड्यांचं मागचं सस्पेन्शन खूप खाली जातं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. त्यामुळे मॅन्युअलमधलाच आकडा, आणि तोही मॅन्युअल सांगतं त्याच स्टँडवर मोजून, चाक फिरवत जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथे. खात्री करायची असेल तर मागचा शॉक ॲब्सॉर्बर काढून ठेवा, तिन्ही एका रेषेत आणा आणि तिथेही चेन थोडी हलते ना ते पाहा. हा बदल माझ्या डोक्यात आधीपासूनच होता. तुमच्या प्रतिक्रियेशी त्याचा संबंध नाही.