‘स्लीप १०’ टाकल्याने डिस्क तयार होत नाही

नागपुरात ऑफिसांचे सर्व्हर आणि स्टुडिओंची स्टोरेज सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: “लिनक्स चालू होताना डिस्क सापडली नाही तर माउंटच्या आधी स्लीप १० टाका, नाही भागलं तर ३० करा. सेटल लावलं की अजून पक्कं. ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर यूडेव्ह थांबवून काम उरका.” (माउंट म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडणं, स्लीप म्हणजे तितके सेकंद नुसतं थांबणं. यूडेव्ह हा नव्या डिस्कची ओळख पटवून तिच्या लिंक लावणारा लिनक्सचा प्रोग्राम, आणि सेटल ही त्याचं काम संपेपर्यंत थांबणारी कमांड.) हा सल्ला बहुतेक वेळा चालून जातो, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. तो नेमका फसतो वीज जाऊन आल्यावर, जेव्हा सगळ्यांना डेटा लगेच हवा असतो.

“१० सेकंद पुरतात.”
कोणत्या डिस्कला? मे महिन्यात सीताबर्डीतल्या एखाद्या ऑफिसात दुपारी वीज गेली, यूपीएस उतरला, वीज परत आली असं धरा. आठ डिस्कांचा डबा आहे. पॉवर सप्लायवर एकदम भार नको म्हणून अनेक एचबीए कार्डं (डिस्का सर्व्हरला जोडणारी) डिस्का गटागटाने फिरवतात. दोन-दोनचा गट आणि मध्ये १० सेकंदांचं अंतर ठेवलेलं असेल, तर चौथा गट ३० सेकंदांनी फिरायलाच लागतो. वेग घ्यायला आणखी वेळ जातो. म्हणजे ‘३० करा’ हेही इथे तोकडं पडतं. एसएसडी असेल तर तेच ३० सेकंद दरवेळी वाया जातात.

“/डेव्ह/एसडीबी दिसली म्हणजे डिस्क आली.”
ती फाइल कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः बनवतो आणि लगेच इव्हेंट, म्हणजे बदलाची सूचना, पाठवतो. यूडेव्ह तो इव्हेंट उचलतो, डिस्कवरची फाइलसिस्टीमची खूण वाचतो, बाय-आयडी आणि बाय-यूयूआयडीच्या लिंक (डिस्कची न बदलणारी नावं) बनवतो आणि मग डिस्क तयार झाल्याची नोंद करतो. आपल्या स्क्रिप्टला ही शेवटची पायरी हवी असते. शिवाय आजची एसडीबी उद्या एसडीसी होऊ शकते, तेव्हा स्क्रिप्टमध्ये बाय-आयडीच लिहा.

“सेटल लावलं की पक्कं.”
यूडेव्हएडीएम ही यूडेव्हची कमांड; तिचं सेटल इव्हेंटची रांग रिकामी होईपर्यंत थांबतं, जास्तीत जास्त १२० सेकंद. डिस्क अजून फिरतेच आहे, कर्नलला दिसलेलीच नाही, तर तिचा इव्हेंट रांगेत नसतो. रांग रिकामी, सेटल लगेच परत. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू करणारी व्यवस्था, बनवणाऱ्यांनी सेटलची सर्व्हिस वापरू नका असं स्वतःच सांगितलंय.

सिस्टमडी २५१ किंवा पुढचं असेल (डेबियन १२ मध्ये आणि रेड हॅट ९.२ पासून आहे, उबुंटू २२.०४ मध्ये नाही) तर यूडेव्हएडीएम वेट वापरा: टाइमआउट ६० आणि बाय-आयडीचा पूर्ण पत्ता. ती डिस्क यूडेव्हने तयार केल्यावरच ही कमांड यशस्वी होते. वेळ संपली तर एरर कोड देते, तो तपासा. जुन्या सिस्टीमवर दर अर्ध्या सेकंदाला ती लिंक आहे का ते बघणारा, ६० सेकंदांची मर्यादा असलेला लूप लिहा आणि त्यानंतर सेटल चालवा.

एफएसटॅबमधून (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) माउंट करत असाल तर डिस्कची वाट मुळात ९० सेकंद पाहिली जाते. एक्स-सिस्टमडी डॉट डिव्हाइस-टाइमआउटने ती वाढवा. नोफेल (डिस्क नसली तरी सुरू होणं थांबू नये, हा पर्याय) लावलं असेल तर डेटाबेसच्या सर्व्हिसमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर (हे माउंट असेल तरच सुरू हो, ही अट) हवंच. नाहीतर डिस्क आली नाही तरी सर्व्हिस सुरू होते आणि रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवर, लिहीत बसते.

“बिझी आलं तर यूडेव्ह थांबवा.”
आधी बिझी का येतं ते बघू. यूडेव्ह ब्लॉक डिव्हाइसवर नजर ठेवून असतो. लिहिण्यासाठी उघडलेली डिस्क कोणी बंद केली की तो नवा ‘चेंज’ इव्हेंट काढतो आणि डिस्क पुन्हा उघडून वाचतो. एसजीडिस्कने पार्टिशन पाडलं आणि पुढच्याच ओळीत एमकेएफएस (फाइलसिस्टीम बनवणारी कमांड) असेल, तर दोघे एकाच वेळी त्या डिस्कवर येतात. शिवाय पार्टिशन टेबल पुन्हा वाचताना कर्नल जुनी पार्टिशनं काढून परत जोडतो, त्यामुळे एसडीबी१, म्हणजे एसडीबीवरचं पहिलं पार्टिशन, क्षणभर नाहीशी होते. त्या क्षणी डीडीने (कॉपी करणारी कमांड) एसडीबी१ वर लिहिलं तर एरर येत नाही: /डेव्हमध्ये त्या नावाची साधी फाइल बनते, डेटा रॅममध्ये जातो आणि कॉपी झाली असंच दिसतं. डीडीला कॉन्व्हमध्ये नोक्रिएट (फाइल नसेल तर बनवू नको) द्यायची सवय लावाच.

यावर उपाय कुलपाचा आहे. एफलॉक किंवा, सिस्टमडी २५१ पासून, यूडेव्हएडीएम लॉक घेऊन आतमध्ये पार्टिशनचं काम करा. तोवर यूडेव्ह त्या डिस्कला हात लावत नाही. कुलूप पूर्ण डिस्कवर घ्यायचं, पार्टिशनवर नाही. आतलं साधन स्वतःच कुलूप घेत असेल, जसा एसएफडिस्कचा लॉक पर्याय, तर बाहेरून घेऊ नका. ते साधन बाहेरचं कुलूप सुटायची वाट बघत राहील आणि बाहेरचं कुलूप ते साधन संपल्याशिवाय सुटणार नाही.

यूडेव्ह थांबवला तर दोन गोष्टी होतात. पहिली, तो थांबतच नाही: सॉकेट चालू असतात, पुढचा इव्हेंट आला की परत उठतो. दुसरी, सॉकेटही बंद केले तर एलव्हीएम (डिस्कांवर हवे तसे भाग पाडणारी साधनं) लटकू शकतं. एलव्हीसीक्रिएट किंवा व्हीजीचेंज एक कुकी, म्हणजे सेमाफोर (काम झालं का ते कळवणारी खूण), उघडून यूडेव्हच्या नियमाने ती पूर्ण करायची वाट बघतं. यूडेव्हच नसेल तर ती पूर्ण कोण करणार? असं अडकलेलं डीएमसेटअप यूडेव्हकुकीज मध्ये दिसतं. ती कुकी यूडेव्हकम्प्लीटने सोडवता येते, पण आधी यूडेव्ह चालू करा. एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये यूडेव्ह-सिंक शून्य करणं हा इलाज नाही. त्याने फक्त वाट बघणं बंद होतं.

“यूडेव्हच्या नियमातच रनने माउंट करा.”
रन नियम लागू झाला की कमांड चालवतं, पण यूडेव्हचं माउंट नेमस्पेस, म्हणजे त्याला दिसणाऱ्या माउंटची यादी, वेगळं असल्याने ते माउंट बाहेर दिसत नाही. नियमातून सिस्टमडीचं युनिट मागवा.

स्क्रिप्ट खरंच बरोबर आहे का हे तपासायला वीज जायची वाट बघू नका. चाचणीच्या, वापरात नसलेल्या डिस्कची सिसएफएसमधली (/सिस फोल्डर, जिथे कर्नल डिव्हाइसची माहिती दाखवतो) डिलीट फाइल शोधून तिच्यात १ लिहा, डिस्क नाहीशी होईल. एका खिडकीत यूडेव्हएडीएम मॉनिटर लावा, दुसरीत स्क्रिप्ट सुरू करा आणि ४० सेकंदांनी सिसएफएसमधल्या होस्टच्या (ज्या कंट्रोलरला डिस्क जोडली आहे त्याच्या) स्कॅन फाइलमध्ये तीन डॅश लिहा, मध्ये एकेक जागा सोडून. मॉनिटरमध्ये आधी कर्नलची आणि मग यूडेव्हची ओळ येते. स्क्रिप्ट दुसऱ्या ओळीनंतरच पुढे सरकली पाहिजे. मग माउंट काढून डिस्क पुन्हा तशीच नाहीशी करा आणि स्कॅन न करता स्क्रिप्ट पुन्हा चालवा: ६० सेकंदांनी ती एरर देऊन थांबली पाहिजे आणि माउंटच्या फोल्डरमध्ये एकही फाइल नसली पाहिजे.